बँडमास्तरांची निळी डबी

१

आयाबाईनं डबी चोरली, असं घटकाभर धरून चालू. मग तिच्या पदरात पडलं काय? मुठीत मावेल एवढी निळी प्लॅस्टिकची डबी, आणि तिच्यात काय आहे हेही तिला ठाऊक नाही. हातचं गेलं काय? नोकरी, अब्रू, आणि ज्या वॉर्डात पाऊल टाकायला धडधाकट माणसं कचरत होती तिथे रोज म्हाताऱ्यांची तोंडं पुसून कमावलेले आशीर्वाद. एवढं देऊन तेवढं घेणारी बाई एकतर वेडी असली पाहिजे, नाहीतर निर्दोष. आणि आयाबाई वेडी नव्हती.

हा ताळेबंद सोयरीकमावशी पालथ्या पडून मांडत होत्या. पालथ्या, कारण डॉक्टरीणबाईंचा तसा हुकूमच होता. कोरोनानं फुफ्फुसं धरली की माणसानं पोटावर झोपावं. पाठीकडचा भाग मोकळा होतो, श्वास पुरतो. मावशींना ते पटलं होतं. पटलं नव्हतं ते एकच, की पालथ्या माणसाला खाटेच्या कडेवरून फरशीशिवाय काही दिसत नाही.

पण मावशींचा धंदाच लग्नं जुळवण्याचा. मुलाकडच्यांची बैठक त्यांनी आयुष्यभर खालून वर वाचली होती. "चेहऱ्याला पावडर लावता येते, पायांना खोटं बोलता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य स्वतःबद्दल होतं: "या वयातही अक्रोड दातांनी फोडते! स्वतःच्या!" ते त्यांनी ऑक्सिजनच्या मास्कमधूनही सगळ्या वॉर्डाला ऐकवून झालं होतं.

इथे चेहरे कुणाला दिसत होते म्हणा! जो तो पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त गुंडाळलेला, चष्मा, मास्क, पायांत निळ्या पिशव्या. म्हणून सिस्टर लोकांनी प्रत्येकाच्या पाठीवर जाड पेननं नाव लिहायची पद्धत पाडली होती. सगळा वॉर्ड पाठी वाचायचा. मावशी तेवढ्या पाय वाचायच्या.

तर झालं असं. दुपारच्या जेवणानंतर सगळे पेंगत होते. एकाएकी शेजारच्या खाटेवरचे बँडमास्तर मास्कमधून ओरडले, "डबी! माझी डबी!" आणि घंटीवर हात आपटत सुटले. दोन खाटांच्या मधल्या कपाटावर ठेवलेली डबी गेली होती. आत काय होतं विचारलं तर उत्तर नाही. मास्तरांनी पांघरूण डोक्यावर ओढलं, पालथे झाले आणि उशीत तोंड खुपसलं.

फोनवरून मास्तरांच्या जावयानं मात्र निकाल देऊन टाकला. "सोनंच असणार! नाहीतर माणूस एवढा खचेल कशाला?" त्यानं अधीक्षकांकडे तक्रार केली. दुपारी तिथे पुसायला कोण होतं? आयाबाई. संपलं.

काचेपलीकडून अधीक्षकांचा आवाज आला. "संध्याकाळच्या राउंडपर्यंत डबी मिळाली तर ठीक. नाहीतर आयाबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

आयाबाई मावशींच्या खाटेशी येऊन मटकन बसली. तिला धड रडताही येईना. चष्म्याच्या आत पाणी साचलं तर ते पुसणार कसं?

"बाई, रडू नकोस," मावशी म्हणाल्या. "चष्म्यात तळं झालं तर भांडं माझ्याऐवजी समोरच्या शिंप्याच्या खाली सरकवशील."

आयाबाई रडता रडता फिसकन हसली. "मावशी, देवाशपथ, मी डबीला हात लावला नाही."

"माहीत आहे. आता एक सांग. या दारातून बाहेर जाताना तू काय काय करतेस?"

"पोशाख उतरवते, तो जाळायला जातो. मग आंघोळ. घरचे कपडे पलीकडच्या खोलीत. अंगावरचं सूतसुद्धा बाहेर जात नाही."

"म्हणजे डबी बाहेर गेलेलीच नाही," मावशी फरशीकडे बघत म्हणाल्या. "ती आंघोळीच्या अलीकडेच आहे. आणि तिला घेऊन जाणारा पण."

२

समोरच्या खाटेवर शिंपी होता. त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. बँडमास्तर झोपेतसुद्धा घोरण्याऐवजी तालात फुंकर मारायचे. शिंप्यानं परवाच जाहीर केलं होतं, "बरा झालो तर आधी यांचा बँड फोडीन."

"काय हो शिंपीदादा," मावशींनी सुरुवात केली, "झोप चांगली लागली असेल आज? बँड बंद आहे."

"टोमणे कळतात मला, मावशी. माझ्या नाकात नळी आहे आणि नळी भिंतीत. कपाटापर्यंत जायचं तर भिंत बरोबर न्यावी लागेल."

"खरं आहे. मग कुणाला बघितलंत?"

"उंटाला."

उंट म्हणजे श्वासाचे व्यायाम शिकवणारा तरणा पोरगा. उंची अशी, की दारातून येताना आधी मान यायची, मग तो. सिस्टरांनी त्याच्या पाठीवर 'उंट' असंच लिहिलं होतं आणि तो ते नाव मोठ्या दिमाखात मिरवायचा. हा वॉर्ड आणि समोरचा हलक्या दुखण्याचा वॉर्ड, दोन्ही त्याच्याकडे होते.

"नक्की उंटच?"

"पाठीवर 'उंट' लिहिलेला दुसरा कोण असणार? आला, मास्तरांपाशी वाकला, उशी सारखी केली, गेला. मी आपला पडल्या पडल्या शिलाई बघत होतो. हे पोशाख कोण शिवतं कोण जाणे! सगळ्यांना एकच माप. आज तर उंटाच्या खांद्यावरून असा लोंबत होता, जणू खुंटीला उशीचा अभ्रा अडकवलाय. पोरगा वाळलाय बिचारा."

मावशींनी डोळे मिटले. दुपारच्या गुंगीत त्यांनीही काहीतरी पाहिलं होतं. पाय. त्यांना वाटलं होतं, स्वप्नच.

एकच माप. उंटाला तो पोशाख घोट्याच्या वर वीतभर आखूड व्हायचा. उघडी राहिलेली जागा सिस्टर रोज निळ्या चिकटपट्टीनं गुंडाळायच्या आणि हसायच्या. पण आज दुपारी जे पाय खाटेशी थांबले होते, त्यांच्यावर पोशाख घड्या घड्या होऊन ओघळला होता. पाऊल एवढंसं. आणि उशीपाशी पोचायला ते पाय टाचा उचलून उभे राहिले होते.

उंटाला टाचा उचलायची गरज फक्त छताचा पंखा पुसायला पडली असती.

३

"मावशी, आज व्यायाम छान करा हं. फुंकणीतले तिन्ही गोळे वर जायला हवेत," उंट येऊन म्हणाला.

"आधी मी फुंकते, मग तू फुंक. दुपारी कुठं होतास?"

"इथेच. मास्तरांना बघून गेलो."

"वाकून?"

"हो."

"टाचा उंच करून?"

उंटाच्या पायांतल्या निळ्या पिशव्या एकमेकींवर घासायला लागल्या. चहाच्या वेळी 'मुलाला पगार किती' विचारल्यावर नवरदेवाचे पाय असेच घासायचे.

"बाळा, तुझा पोशाख आला होता, तू नव्हतास. मी तुझं नाव कुणाला सांगायच्या आत तूच त्या पोशाखातल्या माणसाचं नाव मला सांग."

"मावशी, नोकरी जाईल माझी."

"तुझी जाईल म्हणून आयाबाईची जाऊ द्यायची?"

उंटाची मान खाली आली. "ते डबीचं मला खरंच माहीत नव्हतं. मला एवढंच सांगितलं, 'आज मला घरी सोडतायत. जाण्याआधी एकदा लांबून बघते, मिनिटात परत येते.' मावशी, समोर बसून कुणी हात जोडले तर नाही म्हणवत नाही हो मला."

"कुणी जोडले?"

पण तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, आणि उंट दोन ढांगांत पसार झाला.

डॉक्टरीणबाई बँडमास्तरांच्या खाटेशी यंत्राकडे बघत थबकल्या. मग चक्क टाळी वाजवली. हातमोज्यांची टाळी, फसकन आवाज झाला.

"ऑक्सिजन त्र्याण्णव! सकाळी श्याऐंशी होतं. मी तर आज रात्री घशात नळी घालायची तयारी ठेवली होती. मास्तर, चार दिवस विनवतेय पालथे व्हा, पालथे व्हा. तुमचं आपलं 'छाती दुखते, मान दुखते'. आणि आज दुपारपासून एकदाही उताणे नाही! हे आधी केलं असतंत तर?"

उशीतून नुसतं "हं" आलं.

मावशींचे कान टवकारले.

४

आता मावशींनी दुसरा ताळेबंद मांडला. डबी गेल्यानं कुणाचं भलं झालं? आयाबाईचं नाही. शिंप्याला शांतता मिळाली, पण त्याला भिंत आडवी होती. खरा नफा एकाच माणसाच्या खात्यावर पडला होता. ज्याची डबी गेली त्याच्या! सात आकडे श्वास वाढला, नळी टळली.

सोनं गेलेला माणूस बोंबलतो, पुन्हा पुन्हा तेच सांगतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घेतो. मास्तर मात्र पहिली आरोळी मारून जे मुके झाले ते झाले. आणि काय काय बदललं होतं? सकाळपर्यंत ते टोस्ट असे कुरुमकुरुम खायचे की सिस्टरही वळून बघायच्या. दुपारनंतर टोस्ट परत गेले. फक्त दूध, तेही पांघरुणाआड, नळीनं. रोज चारच्या सुमाराला ते मिशी विंचरून फोनच्या पडद्यावर समोरच्या वॉर्डात दाखल असलेल्या बायकोशी बोलायचे, मास्क क्षणभर बाजूला करून हसायचे. ते हसू सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, पांढरेशुभ्र दात रांगेत उभ्या केलेल्या बँडसारखे. आज फोन आला तर त्यांनी हातानंच 'नको' केलं.

एवढे पांढरे दात त्या वयात? मावशींनी इतके नवरदेव तपासले होते, आणि शेजारच्या खाटेवर फसल्या!

माणूस कशासाठी तोंड उशीत खुपसतो? दाखवण्यासारखं तोंड राहिलं नाही म्हणून.

"अगं बाई," मावशी फरशीला म्हणाल्या, "डबीत दात होते."

कवळी! दाखल होताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मास्तरांनी छातीठोक सांगितलं होतं, सगळे दात स्वतःचे. पालथं झोपलं की मास्कखाली कवळी रुतणार. काढून ठेवावी तर चारचौघांत पोपट होणार. म्हणून चार दिवस नकार. दुपारी सगळे झोपले की गुपचूप काढून घटकाभर डबीत ठेवायचे, एवढाच काय तो आराम.

मग हे कुणाला ठाऊक, की दात नेले तर हा माणूस आपण होऊन पालथा होईल? डॉक्टरणीला नाही. उंटाला नाही. ज्याला मास्तरांची लाज किती खोल आहे हे माहीत, त्यालाच. आणि तो माणूस आंघोळीच्या अलीकडचा, समोरच्या वॉर्डातला, आज घरी निघालेला.

मावशींनी आयाबाईला हाक मारली. "वॉर्डाचा फोन आण. समोरच्या वॉर्डात लाव. म्हणावं, बँडमास्तरीणबाईंना द्या."

५

"नमस्कार वहिनी. मी यांच्या शेजारच्या खाटेवरची. आधी आनंदाची बातमी. त्र्याण्णव."

पलीकडून एक मोठा श्वास आला, मग हसू, मग रडू, की दोन्ही एकदम.

"आता दुसरी. डबीपायी आयाबाईची नोकरी चाललीय."

"अगं बाई! मला कुणी बोललंच नाही. मी आत्ता येते, सगळं सांगते."

"थांबा. सांगायच्या आधी मला हे सांगा, तुम्हाला कवळीचं कधीपासून माहीत?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून!" बाईंना बोलता बोलता हसू फुटलं. "ऐन तारुण्यात पडले होते सायकलवरून, तेव्हाच गेले दात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मी म्हटलं, असू दे. बाथरूमचं दार लावून घासतात, मी पलीकडे भांडी जरा जास्त वाजवते. एकदा कवळी मोडली, दुरुस्तीला गेली. दोन दिवस हे उशीत तोंड घालून पडले, म्हणे पाठ धरलीय! मी उशाशी दूध ठेवलं आणि पाठ शेकली."

"म्हणून सुचलं."

"दुसरं काही सुचेना हो. ऐकत नाहीत कुणाचं. रात्री नळी घालणार म्हणाले. मला वाटलं, लाज तरी वाचवेल यांना."

मावशींनी पुन्हा ताळेबंद मांडला. वहिनींनी कबुली दिली तर आयाबाई वाचेल, पण उंट जाईल. मास्तरांना कळेल की बायकोला सगळं ठाऊक आहे, ते रागानं दात घालून उताणे होतील, आणि त्र्याण्णवचे पुन्हा श्याऐंशी. डबी नुसती 'सापडली' म्हणावी, तरी दात त्यांच्या तोंडात आणि ते उताणे. डबी सापडायलाही हवी आणि मास्तरांच्या हाती लागायलाही नको. असली सोयरीक त्यांच्या उभ्या आयुष्यात आली नव्हती.

"वहिनी, डबी उंटाच्या हाती इकडे पाठवा. आणि खुशाल घरी जा. तुम्ही काही केलं नाही, मी काही ऐकलं नाही."

"मग सांगणार काय तुम्ही?"

मावशींनी जिभेनं स्वतःचे दात एकदा चाचपले. सगळे जागच्या जागी होते.

"बघते काय जमतंय ते," त्या म्हणाल्या.

६

राउंडला अधीक्षक स्वतः पोशाख घालून आले. मागे डॉक्टरीणबाई, कोपऱ्यात आयाबाई, दारात मान खाली घातलेला उंट.

मावशी उठून बसल्या होत्या. मांडीवर निळी डबी.

"मिळाली?" अधीक्षक पुढे सरसावले. "कुणाकडे?"

"माझ्याकडे. जायची कुठे? माझीच आहे."

शेजारच्या पांघरुणाखाली हालचाल झाली.

"म्हणजे असं साहेब, मी ती या मधल्या कपाटावर ठेवली होती. बिचारे मास्तर तापाच्या भरात तिला आपलीच समजायला लागले. दुपारी मी परत घेतली आणि उशीखाली ठेवून झोपले. तेवढ्यात हा गोंधळ. मला बोलायची लाज वाटली."

"लाज कसली? आत आहे तरी काय?"

मास्तरांच्या खाटेवर पांघरूण दगडासारखं घट्ट झालं.

मावशींनी डबी मुठीत धरली. आजवर कुठलं स्थळ टिकवायलासुद्धा त्यांनी एवढी किंमत मोजली नव्हती.

"माझे दात," त्या म्हणाल्या. "कवळी आहे मला."

सगळ्या खाटांवरच्या माना मावशींकडे वळल्या.

"पण मावशी," शिंप्यानं तोंड उघडलंच, "तुम्ही तर म्हणत होता अक्रोड—"

"म्हणायला काय जातंय? तुम्ही नाही म्हणत, कापड कमी पडलं म्हणून?"

"उघडून दाखवा," अधीक्षक म्हणाले.

"दाखवते की. पण चारचौघांत बाईमाणसाला दात काढून दाखवायला लावताय, तर आधी आपण मास्क काढा आणि आपले दाखवा. कोण अस्सल ते वॉर्ड ठरवेल."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. अधीक्षक मागे सरकले. तेवढ्यात उशीतून बोळका, दबका, पण स्पष्ट आवाज आला.

"बाईंचीच डबी आहे. माझी चूक. आयाबाईंची माफी मागतो."

"मग तुमचं काहीच गेलं नाही?"

"काही नाही," उशी म्हणाली.

आयाबाईच्या चष्म्यात पुन्हा तळं साचलं. अधीक्षकांनी सगळ्यांसमोर तिला हात जोडले आणि गेले. मावशींनी डबी आपल्या उशीखाली सारली, मास्तरांना ऐकू जाईल अशी.

"माझे दात माझ्यापाशीच राहतील. डॉक्टरीणबाई म्हणतील 'आता उताणं झोपलं तरी चालेल', तोपर्यंत."

मास्तर पालथेच राहिले. दुसरा इलाज काय होता? बोंब मारायची तर कशाच्या नावानं!

७

मास्तरांचा ऑक्सिजन सुटला त्या सकाळी मावशींनी डबी पांघरुणाआडून सरकवली. मास्तर बाथरूममध्ये गेले आणि सगळा बँड रांगेत उभा करून परतले.

"एक विचारू?" ते खुर्ची ओढून बसले. "पोरांची तोंडं बघून कुणाला कोणतं वाद्य द्यायचं ते ठरवण्यात माझा जन्म गेला. तुमच्या बोलण्यातला स आणि श ऐकतोय मी. तुमचे दात अस्सल आहेत."

मावशी छताकडे बघू लागल्या. आता त्यांनाही उताणं झोपायची परवानगी होती.

"तुम्ही खोटं बोललात. म्हणजे कुणाला तरी झाकलंत. दात नेले की मी तोंड लपवणार, हे जगात कुणाला माहीत? ज्यानं मला दोन दिवस उशीत बघितलंय त्याला. तेव्हा उशाशी दूध आलं होतं. प्रश्न एकही आला नव्हता." मास्तरांचा आवाज जरा ओला झाला. "आणि मी समजत होतो, ती भांडी उगाच आपटते."

"मग आता काय करणार? सांगणार तिला?"

"छे! तिला कळू द्यायचं नाही."

"काय?"

"मला कळलंय ते!" आणि मास्तर असे खदखदून हसले, की शिंपीही नळीसकट हसला.

दोन दिवसांनी मास्तर घरी गेले. दाराशी बायको उभी होती. दोघं एकमेकांकडे काही माहीत नसल्यासारखं बघून हसली, ते काचेतून आयाबाईनं पाहिलं आणि येऊन मावशींना सांगितलं.

तर आता शेवटची बेरीज. आयाबाईनं मोजली एक दुपार आणि चष्माभर पाणी. तिला मिळाली अधीक्षकांच्या जोडलेल्या हातांची जोडी, जी त्या इस्पितळात आजवर कुणी पाहिली नव्हती. उंटानं मोजली भीती. तेव्हापासून तो आपला पोशाख जिवापाड जपतो. शिंप्याला बँड परत सोसावा लागला. वहिनींनी काही मोजलं नाही, उलट आख्खा नवरा वसूल केला. मास्तरांनी मोजलं ते एक गुपित, आणि तेही आधीच खर्च झालेलं.

बिल फाडलं गेलं ते मावशींच्या नावानं. बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. शेजारीण भिजवलेला पाव घेऊन आली. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे त्यांच्यापुढचे काजू उचलून केळं ठेवायला लागले. "मुलाचे दात बघून घ्या," असं त्या म्हणाल्या की माणसं खाली मान घालून हसत. आणि मावशी मुकाट्यानं केळं सोलत.

फक्त कधीमधी, पाहुणे गेले की, त्या दार लावून घ्यायच्या, खिडकी ओढून घ्यायच्या, डब्यातला सगळ्यात टणक अक्रोड निवडायच्या आणि दाढेखाली धरायच्या.

कडाक्!